हप्ता पिकाच्या चालीने

माणदेशातून, सोलापुरातून, मराठवाड्यातून गाड्या बदलत इथवर आलेल्या बचत गटांच्या भगिनींनो,

व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास इथं तंजावरात राज्य थाटलं, तेव्हापासून आमची मराठी कावेरीचं पाणी पिते आहे. तिचे हेल निराळे वाटतील, सांभाळून घ्या.

सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद आणि बृहदीश्वराच्या देवळातला भोसल्यांचा मराठी शिलालेख उद्या पाहायचे आहेतच. पण त्याहून आठशे वर्षांनी जुने तमिळ लेखही तिथं आहेत. राजराज चोळाच्या काळी देवाचा पैसा कोठारात पडून नसे. गावसभांना तो व्याजानं दिला जाई: एका काशूला, म्हणजे त्या काळच्या नाण्याला, वर्षाला एक अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के. कुणी व्याज नाण्यांत भरी, कुणी भातात. धनगरांकडे 96 मेंढ्या सोपवायच्या आणि त्यांनी एका नंदादीपाला पुरेल एवढं तूप रोज पोचवायचं. (शहाण्णव म्हटल्यावर काहींनी कान टवकारले, इथं कुळींचा संबंध नाही!)

फेड अशी ज्याच्या त्याच्या उत्पन्नातून होई, हे ध्यानात ठेवून आता शेताकडे वळू. या भातपट्ट्यात बरीच जमीन देवस्थानांची आणि मठांची, कसणारा मात्र कूळ. तुमचा सातबारा, तसा आमचा चिट्टा आणि अडंगल. ते नावावर नसलं की पीककर्जाचं कठीण. सोनं असेल तर सोसायटीत गहाण टाकायचं, नसेल तर कंदुवट्टीवाल्या, म्हणजे जबर व्याजाच्या, सावकाराचं दार. या कोंडीत घरच्या बाईच्या गटानं वाट काढली. नाबार्डनं 1992 साली 500 गट बँकांना जोडायचा प्रयोग मांडला. तारण नाही, हमी एकमेकींची. त्यातून बियाणं येतं, नांगरणीचं भाडं भागतं, एखादी शेळी दावणीला लागते.

मग दुखतं कुठं? हप्त्यात. कावेरीवरचं मेट्टूर धरण 12 जूनला उघडायचा रिवाज आहे. पाणी आलं तर कुरुवैचं भात, नंतर सांबाचं, त्याची कापणी पोंगलच्या आगेमागे. शेताचा पैसा वर्षातून एकदोनदा हाती येतो आणि वसुलीवाला दर आठवड्याला नाहीतर महिन्याला दारात. मधल्या दिवसांत बाई दुसऱ्याच्या रानात लावणी करून आपल्या रानाचं कर्ज फेडते, नाहीतर एका सूक्ष्मवित्त संस्थेचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरते. या संस्थांचं व्याज वीस टक्क्यांच्या वर. 2018च्या नोव्हेंबरात ‘गज’ वादळानं पट्टुक्कोट्टैकडच्या नारळबागा आडव्या केल्या. नवा माड फळायला काही वर्षं लागतात, हे कुठल्या हप्तापुस्तकात लिहिलेलं असतं?

रिझर्व्ह बँकेनं 2022 साली घातलेली मर्यादा चांगलीच आहे: सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. पण कुळाचं ‘मासिक उत्पन्न’ काढायचं कसं? वर्षाच्या कमाईला बारानं भागलं, तरी ऑक्टोबरात घरात पैसा येत नाही.

म्हणून म्हसवडच्या माणदेशी बँकेचा दाखला इथं मोलाचा आहे. सह्या येत नाहीत म्हणून परवाना नाकारला, तेव्हा तिथल्या बायकांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, आम्हाला व्याजाचं गणित घाला. 1997 साली बँक उभी राहिली. माणदेशात तुम्ही रोजच्या बाजारावर हप्ते बसवलेत. आम्हाला ते सांब्याच्या कापणीवर बसवायचे आहेत, आणि ते कसं, हे इथल्या कुळांच्या बायका पहिल्याच सत्रात मांडणार आहेत. बँकेच्या साहेबांनी कृपया शेवटपर्यंत थांबावं. जेवणाची पानं त्यानंतरच मांडली जातील.