फोटो काढता काढता बघायला शिकले

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि रेडिओ खिडकीत ठेवून अंगणात भांडी घासायला बसलेल्यांनाही नमस्कार.

मी बचत गटांची समन्वयक आहे. बारा गट माझ्याकडे आहेत. आमच्या कामात बैठक झाली की ठराव लिहायचा, सह्या-अंगठे घ्यायचे आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. पाच वर्षं मी असे फोटो काढले, शेकड्यांनी असतील. पण खरं सांगते, त्यातल्या एकाही फोटोकडे मी नीट बघितलं नव्हतं. बायका ओळीने बसल्यात, मागे बॅनर आहे, झालं, पाठवला.

मग एकदा तालुक्याहून फोन आला, "ताई, फोटोत बायका कुठायत? नुसत्या सावल्या दिसतायत." बघते तर खरंच. समाजमंदिराचं दार उघडं, बाहेर लख्ख ऊन, आणि सगळ्याजणी दाराकडे पाठ करून बसलेल्या. बाजारातल्या स्टुडिओवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "मागचं ऊन बघून मोबाईल सगळाच उजेड कमी धरतो, म्हणून पुढचे चेहरे काळे पडतात. उजेड त्यांच्या तोंडावर येऊ द्या, तुमच्या पाठीवर."

एवढीच शिकवणी. पण तेव्हापासून मला उजेड दिसायला लागला. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी नऊपर्यंत ओट्यावर उन्हाची एक तिरपी पट्टी येते, नंतर तिथं अंधारच असतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्याच अंधारात बसून तांदूळ निवडत होते आणि डोळे दुखतात म्हणून कुरकुरत होते. आता सूप घेऊन ओसरीवर बसते. सासूबाई म्हणाल्या, "एवढं कळायला मोबाईल लागला होय गं तुला?" लागला, काय करू!

कुणी म्हणतं, फोटोबिटो हे बाईचं काम नव्हे. त्यांना होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. आपल्या देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीत हिंडल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

पण मला जास्त जवळची वाटली ती चीनमधल्या बायकांची गोष्ट. तिथल्या युनान प्रांतात 1990 नंतरच्या दोन-चार वर्षांत खेड्यातल्या 62 बायकांच्या हातात साधे कॅमेरे दिले होते. कॅरोलिन वांग नावाच्या अभ्यासक बाई त्या कामात होत्या. बायकांना सांगितलं, तुमचा रोजचा दिवस आम्हाला दाखवा. त्यातल्या एका फोटोत बाई मक्याच्या रानात खुरपतेय आणि तिचं तान्हं बाळ शेताच्या कडेला एकटं पडलंय. आता बघा, असं बाळ त्या गावात रोजच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपल्याकडे नाही का, झाडाला झोळी बांधतो आणि निम्मं लक्ष खुरप्यावर, निम्मं झोळीवर. पण तो फोटो समोर ठेवून बायका बोलल्या, अधिकाऱ्यांनीही ऐकलं, आणि बाळांना सांभाळायची सोय होण्यापर्यंत गोष्ट गेली. या पद्धतीला पुढे फोटोव्हॉइस असं नाव पडलं.

मी म्हटलं, आपणही करून बघू. एका गटाला विषय दिला, हात. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी दुसरीचा घ्यायचा. एकीने शेणात बरबटलेला हात आणला, एकीने बांगडी रुतलेलं मनगट. एका पोरसवदा सुनेने सगळ्यांना उन्हात सतरंजीवर तळहात पालथे-उलथे करायला लावले आणि वरून फोटो काढला. अकरा तळहात. दहा तांबूस-सावळे, आणि एक पिठात बुडवल्यासारखा पांढरा.

"वहिनी पीठ मळून आल्यात वाटतं," कुणीतरी हसलं. त्या वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी हात पदराखाली घेतला.

रात्री मला झोप लागेना. मोबाईलमधले त्या गटाचे जुने फोटो काढून बघत बसले. दोन वर्षांपूर्वी वहिनी मागच्या ओळीत ताठ उभ्या. मग खाली बसलेल्या. मग भिंतीला टेकून. शेवटच्या चार फोटोंत डोळे मिटलेले. सगळं माझ्याच हाताने काढलेलं, माझ्याच मोबाईलमध्ये. दर महिन्याला हप्ता घेताना मी त्यांच्या शेजारी बसत होते!

दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन त्यांच्याकडे गेले. आधी काही बोलल्याच नाहीत. मग चुलीपाशी हळूच म्हणाल्या, दीड वर्ष झालं, अंगावरून फार जातं, महिन्यातले दहा-बारा दिवस. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. उपकेंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 6.4. बाईचं निदान 12 तरी हवं. ग्रामीण रुग्णालयात नेलं, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. सलाईनमधून लोह दिलं. आता 10 च्या वर आलंय. गोळ्या चालू आहेत, आणि त्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे मी तुम्हालाही सांगते, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

फोटोने आजार कळतो असं मात्र समजू नका. मोबाईल रंग बदलतो, गोऱ्याचा काळा करतो. तपासणी ती रक्ताचीच. आणि कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका, काढलेला पुढे पाठवू नका. वहिनींचा तो फोटो मी ग्रुपवर टाकलेला नाही. त्यांची गोष्ट सांगतेय ती त्यांना विचारून, नाव न घेता.

गाठीचं ऑपरेशन अजून राहिलंय. घरातले म्हणतात, ज्वारीची काढणी होऊ दे, मग बघू. डॉक्टर म्हणतात, फार लांबवू नका. परवाच्या बैठकीत गटाने जाण्यायेण्याच्या खर्चासाठी अंतर्गत कर्ज मंजूर केलं आणि त्यांच्या वाटणीची काढणी चौघींनी अंगावर घेतली. त्यांच्या मालकांशी बोलायला रविवारी मी आणि अध्यक्षाबाई जाणार आहोत.

येते. नमस्कार.