पहिली कादंबरी आणि तिचा प्रकाशक



कादंबरी लिहून होते ती जालन्यास, अंबडास किंवा भोकरदनास. आणि प्रकाशक बहुधा पुण्यामुंबईस. तो या लेखकास ओळखत नाही. तीनशे पृष्ठांच्या पुस्तकासाठी कागद, छपाई व बांधणी यांचा सारा पैसा आधी घालावयाचा आणि अपरिचित नावास गिऱ्हाईक मिळण्याची वाट पाहावयाची. असा माणूस कचरला तर त्यात मला नवल वाटत नाही.

ही अडचण जुनीच आहे. हरी नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 1885 साली 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. वाचक आधी मिळाला, ग्रंथ मागाहून झाला.

आपल्या प्रांती ही सोय कोठून असणार? 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो; राज्यकारभाराची भाषा उर्दू. परतूर तालुक्यातील सातोना येथे 1913 साली जन्मलेले बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, याच वातावरणात वाढले. (हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आपला जिल्हा 1981 सालचा.) मॅट्रिक होऊन त्यांनी परभणीस बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली आणि तिशीच्या आत 'ओ' ही पहिली कादंबरी लिहिली. 'हिरवे गुलाब' 1943 साली आली. पुढे त्यांची लेखणी थांबली नाही. थांबले ते स्वतःच, 1953 च्या सप्टेंबरात, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी. 'आडगावचे चौधरी' त्यानंतर वर्षभराने निघाली.

आजचा तरुण त्या मानाने सुदैवी आहे. दिवाळी अंक आहेत, नियतकालिके आहेत. तेथे दोनचार कथा येऊ द्याव्या, म्हणजे प्रकाशकास नाव तरी ठाऊक होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकास प्रकाशनार्थ अनुदान देते, आणि त्यात कादंबरीही येते. हे आपल्याकडील पुष्कळांच्या गावीही नसते!

परंतु खरा धोका होकार मिळाल्यानंतरचा आहे. पुष्कळदा तो होकार 'खर्च तुम्ही द्या' असा असतो. स्वखर्चाने छापण्यात मी कमीपणा मानीत नाही. मात्र प्रती किती निघणार, विकणार कोण आणि हिशेब केव्हा मिळणार, हे आधी कागदावर यावे. नाहीतर शेतीचा पैसा जातो आणि गठ्ठे माळ्यावर पडतात.

दुसरी गोष्ट हक्कांची. आनंदाच्या भरात माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. 1957 च्या कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व लेखकाच्या सहीचेच असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रकाशकाने मिळालेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात निराळे काही नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द दिसले की तेथेच थांबावे, कागद घरी आणावा आणि गावातील एखाद्या वकिलास दाखवावा. खरा प्रकाशक त्याने रागावत नाही.

आणि हस्तलिखित पाठविताना त्याची एक प्रत घरी ठेवावी. परत आलेल्या टपालात शेवटची वीस पाने नसतात, असेही घडते.