एक जोडणी, अनेक पडदे



आपल्या देणगीतून उभारलेल्या यंत्रणेत सर्व विभागांचे पडदे एकाच सर्व्हरवर चालतात. इंटरनेट खंडित झाले, की तज्ज्ञांकडे पाठवायचे रुग्णांचे अहवाल सर्वत्र एकदम अडतात. ब्राउझरही सर्व्हरवरच चालत असल्याने आम्ही तपासणी तेथूनच आरंभतो. त्याला दोन नेटवर्क कार्डे आहेत: एक आतील विभागांसाठी, दुसरे बाहेरच्या जोडणीसाठी. गेटवे दुसऱ्याच कार्डाकडे नोंदलेला हवा. नंतर बाहेरच्या अंकी पत्त्याला पिंग करतो. उत्तर आले, पण संकेतस्थळ नावाने सापडले नाही, तर दोष डीएनएसमध्ये; उत्तरच नसेल, तर केबल व मोडेम पाहतो.

हा क्रम सर्व्हरशेजारी मराठीत लावला आहे. रात्रपाळीतील परिचारिकेलाही तो अनुसरता यावा आणि तंत्रज्ञाच्या प्रतीक्षेत कोणाचाही अहवाल रखडू नये, हीच त्यामागील भावना.