गॅसची शेगडी सांभाळावी कशी?



आज आम्ही तुमच्याशी एका घरगुती विषयावर बोलणार आहोत. विषय आहे गॅसची शेगडी. कुणी म्हणेल, "गुरुजी, हा तर बायकांचा विषय." तसे नाही, मंडळी. शेगडी एकटी बाईच वापरीत असेल, पण घर सगळ्यांचे आहे. म्हणून पुरुषांनीही कान देऊन ऐकावे.

पूर्वी खेड्यात गॅस क्वचित दिसे. 2016 साली मे महिन्याच्या 1 तारखेला उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. तेव्हापासून गरिबांच्या घरीही टाकी आली. डोळ्यांतले पाणी आणि छातीतला धूर कमी झाला. ही गोष्ट चांगली झाली. पण चूल आपल्याला आजीपणजीपासून ठाऊक होती. गॅस नवा आहे. त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे.

गॅसचा स्वभाव कसा?

टाकीत गॅस दाबून भरलेला असतो. दाबामुळे तो पाण्यासारखा पातळ होतो. बाहेर पडला की त्याचा वायू होतो आणि तो पसरतो. तांब्याभर पातळ गॅसचा सुमारे 250 तांबे वायू होतो! म्हणजे थोडी गळती झाली तरी ती थोडी नव्हे.

दुसरी गोष्ट. चुलीचा धूर वर जातो. म्हणून आपले वाडवडील छपराला धुराडे ठेवीत. गॅस याच्या उलट आहे. तो हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो आणि जमिनीलगत पाण्यासारखा पसरतो. धुराड्यातून तो जात नाही. तो दारातून जातो. म्हणून स्वयंपाकघराचे दार आणि खालची झरोकी कधी बुजवू नयेत.

तिसरी गोष्ट. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. तो सडक्या कांद्यासारखा येतो. हा वास म्हणजे घरचा राखणदार समजा. तो भुंकला की उठले पाहिजे.

टाकी आणि शेगडी कुठे ठेवावी?

टाकी नेहमी उभी ठेवावी. आडवी कधीही करू नये. शेगडी टाकीपेक्षा उंच असावी. आपल्याकडे बसून स्वयंपाक करण्याची सवय आहे, म्हणून काही घरांत शेगडी जमिनीवर आणि टाकी तिच्या शेजारी दिसते. हे बरोबर नाही. विटा रचून वर शहाबादी फरशी टाकली तरी ओटा होतो. खर्च थोडा, पण धोका पुष्कळ टळतो. टाकी कपाटात कोंडू नये. आणि टाकीच्या शेजारी चूल पेटवू नये. पाणी तापवायला चूल लागतेच, ती परसात न्यावी.

पेटवताना एक नियम पाठ करा : आधी काडी, मग बटण. आधी बटण सोडून मग काडेपेटी शोधीत बसलो, तर तेवढ्यात गॅस साचतो. बायांनी पदर खोचून घ्यावा. दूध उतू गेले किंवा वाऱ्याने आच विझली, तर गॅस चालूच राहतो हे विसरू नये. बटण ताबडतोब बंद करावे. वास गेल्यावरच पुन्हा पेटवावे.

आच पाहून दुखणे ओळखा

चांगली आच निळी असते. आच पिवळी झाली, भांड्याची बुडे काळी होऊ लागली, तर समजावे की बर्नरची भोके बुजली आहेत. उतू गेलेले दूध, आमटी, पिठाचे कण त्यांत अडकतात. मग गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. गॅस वाया जातो आणि पैसाही.

उपाय घरी करता येतो. रेग्युलेटर बंद करावा. शेगडी पूर्ण गार होऊ द्यावी. बर्नर उचलून साबणाच्या कोमट पाण्यात घालावा, ब्रशाने घासावा. बुजलेली भोके बारीक टाचणीने मोकळी करावी. भोके मोठी करू नयेत. बर्नर पूर्ण वाळल्यावरच जागेवर बसवावा.

आच अगदी बारीक झाली, तर आधी नळी कुठे दबली किंवा मुडपली आहे का ते पाहावे. तसे नसेल, तर टाकी संपत आली असेल. अशा वेळी काही लोक टाकी आडवी करतात, कुणी गरम पाण्यात ठेवतात. बाबांनो, असे करू नका! आडव्या टाकीतून पातळ गॅस नळीत घुसतो. गरम पाण्याने टाकीतला दाब वाढतो. चार भाकरींसाठी एवढी जोखीम कशाला?

शेगडीचे बटण घट्ट झाले, आच आवाज करून बर्नरवरून उडू लागली, किंवा रेग्युलेटर नीट बसेना, तर हातोडी, पक्कड घेऊ नका. गोडे तेलही सोडू नका. एजन्सीच्या माणसाला बोलवा.

तुमचे वाचणे इथे कामाला येते

नळीवर आयएसआय शिक्का आणि तारीख छापलेली असते. शिक्का नसलेली स्वस्त नळी घेऊ नये. नळी पाच वर्षांनी बदलावी. चीर दिसली, तर पाच दिवसांची असली तरी बदलावी. नळीला जोड देऊ नये. तिच्यावर फडके गुंडाळू नये, कारण चीर झाकली जाते.

टाकीच्या कड्याखाली लोखंडी पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. सी-28 असे असेल, तर त्या टाकीची तपासणी 2028 सालच्या सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची आहे. मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नका. ही चार अक्षरे शाळेतल्या कोणत्याही पोराकडून शिकून घ्या. त्यात लाज कसली?

वजनही वाचा. मोठ्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. ते 15.8 असेल, तर भरलेली टाकी 30 किलो भरली पाहिजे. टाकी आणणाऱ्याला काट्यावर घालून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. सील शाबूत आहे का, तेही पाहा.

टाकी बदलताना घरातली चूल, देवाचा दिवा, उदबत्ती, सगळे आधी विझवावे. जोडल्यावर जोडाला साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती कधी पाहू नये.

वास आला तर?

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगतो. एका घरी रात्री रेग्युलेटर उघडा राहिला आणि उंदराने नळी कुरतडली. पहाटे म्हातारी उठली. देवापुढे दिवा लावायला तिने काडेपेटी हातात घेतली. सुनेला वास आला. ती ओरडली, "आत्याबाई, काडी ओढू नका!" तिने विजेचे बटणही दाबले नाही. अंधारातच चाचपडत रेग्युलेटर बंद केला, दोन्ही दारे उघडली आणि पोरांना अंगणात नेले. घर वाचले. नंतर कळले की घरच्या कर्त्या पुरुषाला रेग्युलेटर बंद करता येत नव्हता. त्या पहाटे सून माहेरी असती तर?

म्हणून हे सर्वांनी शिकावे :

1. काडी, लायटर पेटवू नये. दिवा, उदबत्ती जळत असेल तर विझवावी.
2. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. त्यातूनही ठिणगी पडते.
3. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावा. टाकीच्या तोंडातूनच गळत असेल, तर दोरीला बांधलेले टोपण घट्ट बसवावे.
4. दारे, खिडक्या उघडाव्यात. माणसे बाहेर न्यावीत. वास फार असेल तर आत थांबूच नये.
5. बाहेर मोकळ्यावर जाऊन 1906 या क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो.

रोज रात्री निजताना रेग्युलेटर बंद करावा. कडी लावतो ना आपण दाराला? तशीच ही घराची दुसरी कडी.

आता एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येकाला, सासऱ्यापासून जाणत्या पोरापर्यंत, रेग्युलेटर बंद करून दाखवा आणि त्यांच्याकडून करवून घ्या. आणि स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर खडूने मोठा आकडा लिहा : 1906. दुसऱ्याकडून लिहवून घेऊ नका. तुम्हाला आता लिहिता येते. स्वतःच्या हाताने लिहा.