दाबलेल्या हवेचा ताप

सायकलच्या चाकांत पंपानें हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला चटका बसण्याइतकें तापतें, हा अनुभव घरोघरच्या मुलांनाहि ठाऊक असतो. हा ताप दट्ट्याच्या घर्षणानें येतो असा पुष्कळांचा समज असतो. परंतु घर्षणाचा वाटा त्यांत थोडा असून मुख्य कारण निराळेंच आहे. कोणताहि वायु झपाट्यानें दाबला कीं दाबण्यासाठीं खर्चिलेलें काम उष्णतेच्या रूपानें त्या वायूंतच सांठतें आणि त्याचें तापमान चढतें. निसर्गाचा हा नियम सायकलच्या पंपाला जितका लागू आहे तितकाच विमानाच्या व शर्यतीच्या मोटारीच्या इंजिनालाहि लागू आहे. त्या नियमावर मात करण्याच्या खटपटींतून जें एक साधेंसें साधन जन्मास आलें, त्याचें नांव इंटरकूलर. आज अनेक देशांत हौशी गृहस्थ आपल्या घरच्या मोटारखान्यांत हें साधन स्वतःच्या हातांनीं जुळवून बसवितात. त्यांच्या ह्या उद्योगांत कौशल्य किती आणि धोका किती, हें समजून घेण्याजोगें आहे.

इंजिनाची शक्ति शेवटीं हवेवर अवलंबून असते. पेट्रोल हवें तितकें ओततां येतें. पण तें जाळावयास लागणारा प्राणवायु सिलिंडरमध्यें मावेल तितकाच मिळतो. तेव्हां त्याच आकाराच्या सिलिंडरांत अधिक हवा कोंबणें हा शक्ति वाढविण्याचा एक राजमार्ग ठरतो. स्वित्झर्लंडचे यंत्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं ह्या विषयावरील आपलें पेटंट घेतलें. इंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरवावें आणि त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून इंजिनांत लोटावी, ही त्यांच्या कल्पनेची दिशा होती. आज ह्या यंत्राला टर्बोचार्जर किंवा नुसतेंच टर्बो म्हणतात. धुरांतील वायां जाणारी शक्ति ह्या रीतीनें कामाला लागते. मात्र हवा दाबली कीं ती तापणार, हा नियम येथें आड येतो.

तापलेल्या हवेचे तोटे दोन. पहिला असा कीं तापलेली हवा फुगते. म्हणजे तेवढ्याच जागेंत तिचें वजन कमी भरतें आणि दाबण्याचे श्रम कांहीं अंशीं फुकट जातात. दुसरा तोटा अधिक घातक आहे. सिलिंडरमध्यें ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूनें क्रमाक्रमानें पसरत जावी अशी अपेक्षा असते. परंतु मिश्रण आधींच फार तापलेलें असलें, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच उरलेला भाग आपोआप एकदम भडकतो. ह्या प्रकाराला यंत्रज्ञ नॉकिंग म्हणतात. बाहेरून तो धातूवर बारीक हातोडी मारल्यासारखा ऐकूं येतो. चांगल्या इंजिनाचा दट्ट्या ह्या ठोक्यांनीं थोड्याच वेळांत भाजून, तडकून किंवा वितळून निकामी होऊं शकतो.

ह्या प्रश्नाचें गांभीर्य दुसऱ्या महायुद्धांत ठळकपणें दिसून आलें. १९४१ च्या शरद्ऋतूंत जर्मनीचें फोकेवुल्फ १९० हें लढाऊ विमान इंग्लंडच्या त्या वेळच्या स्पिटफायरला भारी पडूं लागलें. उंचावरील विरळ हवेंत इंजिनाला पुरेसा प्राणवायु पुरविणें हाच त्या वेळचा कळीचा मुद्दा होता. रोल्सरॉइस कंपनीच्या मर्लिन इंजिनावर स्टॅनली हूकर हे गणिती काम करीत होते. तेथें हवा एकदां दाबून पुन्हां दुसऱ्यांदां दाबावयाची, अशी दुहेरी योजना आंखण्यांत आली. परंतु दोनदां दाबलेली हवा इतकी तापली असती कीं ती तशीच सिलिंडरांत सोडणें अशक्य होतें. म्हणून दाबयंत्र व इंजिन यांच्यामध्यें द्रवानें थंड होणारें एक जाळें बसविण्यांत आलें, आणि त्या द्रवाची उष्णता बाहेरच्या वाऱ्यावर सोडण्यासाठीं विमानाला एक लहानसा स्वतंत्र रेडिएटर देण्यांत आला. हें मर्लिन ६१ इंजिन लावलेलें नववें स्पिटफायर १९४२ सालीं लढाईंत उतरलें, आणि हरवलेला तोल पुष्कळसा सांवरला गेला. त्या यशाचें श्रेय एकट्या शीतकाला देणें योग्य नव्हे. परंतु शीतकावांचून तें शक्यहि नव्हतें.

रस्त्यावरच्या मोटारींत ही युक्ति मागाहून आली. जर्मनीच्या पोर्श कंपनीची १९७५ सालची ९११ टर्बो ही तीन लिटरची मोटार इंटरकूलरशिवाय २६० अश्वशक्ति देई. १९७८ सालच्या नमुन्यांत इंजिन ३.३ लिटरचें झालें, मागच्या पंखाखालीं इंटरकूलर आला आणि शक्ति ३०० झाली. येथेंहि वाढीचा कांहीं भाग इंजिनाच्या आकाराचा आहे, हें विसरतां कामा नये. मात्र त्याच बदलांत सिलिंडरमधील दाबाचें प्रमाण ६.५ वरून ७ वर नेतां आलें, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. हवा थंड झाली म्हणजे इंजिन अधिक दाब सोसूं शकतें.

आतां घरगुती कारागिराकडे वळावें. त्याच्या उद्योगाचें उत्तम उदाहरण म्हणजे जपानच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी क्रीडामोटार. ती १९८९ सालीं बाजारांत आली. तिचें पहिलें इंजिन १६०० घनसेंटिमीटरचें, टर्बो नसलेलें, आणि त्यांतील दाबाचें प्रमाण ९.४ होतें, म्हणजे पोर्शच्या त्या टर्बो इंजिनांहून कितीतरी अधिक. अमेरिकेंत, इंग्लंडांत व इतरत्र ह्या मोटारीचे मालक तिला घरींच टर्बो जोडतात. मुळांतच दाबाचें प्रमाण अधिक असल्यामुळें अशा इंजिनाला नॉकिंगचा धोका फार. म्हणून तेथें इंटरकूलर हा निव्वळ शोभेचा अलंकार राहत नाहीं.

हिशेबानें पाहिलें तर चित्र स्पष्ट होतें. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे, टर्बो ती वातावरणाच्या दीडपट दाबतो आणि त्याची कार्यक्षमता शेंकडा ७० आहे, असें धरल्यास दाबयंत्रांतून निघणारी हवा सुमारें ८३ अंशांवर पोंचते. इंटरकूलरनें ह्या ५३ अंशांच्या वाढींतील शेंकडा ७० भाग काढून घेतला, तर इंजिनाला ४६ अंशांची हवा मिळते. तेवढ्यानें हवेची घनता शेंकडा ११ ते १२ नीं वाढते. सहा हजार फेऱ्यांवर असें इंजिन चालतें तेव्हां इंटरकूलरला सुमारें ४ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणजे दोन मोठ्या विजेच्या शेगड्या पूर्ण जोरानें पेटवाव्यात तेवढी.

परंतु हा लाभ निर्भेळ नसतो. हवेला त्या जाळींतून वाट काढावी लागते आणि वाटेंत तिचा दाब पडतो. दीड वातावरणांतून सात शतांश गेले, तर शेंकडा ५ चा तोटा झाला. तरीहि पदरांत कांहीं उरतें. पण जाळी फार दाट असली, नळ्यांना नको तितकीं वळणें असलीं आणि दाब पंधरा शतांशांनीं घसरला, तर शेंकडा १० चा तोटा होऊन थंडाव्याची जवळजवळ सारी कमाई वाटेंतच संपते. ही तूट भरून काढण्यासाठीं टर्बो अधिक जोरानें फिरविला, तर तो हवा पुन्हां अधिकच तापवितो. हें पाहूनहि कित्येकजण मोटारीच्या तोंडांत मावेल तेवढा मोठा इंटरकूलर बसविण्याच्या मोहांत पडतात. मोठी पेटी थंडावा देईल. पण तिची पोकळी भरावयास वेळ लागतो आणि पायाखालची कळ दाबल्यावर मोटार उत्तर देण्यास किंचित् रेंगाळते. शिवाय ती पेटी इंजिनाच्या रेडिएटरपुढेंच उभी असते. तिच्यांतून गेलेला वारा आधींच तापलेला असल्यामुळें इंजिनाचें पाणी उकळण्याच्या वाटेला लागूं शकतें.

म्हणून जाणता कारागीर आरंभीं मोजपट्टी घेतो. नाकाडातील मोकळी जागा, रेडिएटरचें अंतर, दिव्यांच्या व आडव्या दांड्याच्या जागा हें सारें मोजून तो पुठ्ठ्याचा एक नमुना करतो व तो बसवून पाहतो. जाळीचा गाभा तो तयार विकत घेतो. कारण अॅल्युमिनियमच्या बारीक पंखांचा गाभा घरीं घडविणें व्यवहार्य नसतें. दोन बाजूंच्या टोंकपेट्या मात्र आपल्या जागेप्रमाणें पत्र्यांतून कापून घेतां येतात. त्यांचा आकार हळूहळू निमुळता होत गेला तर हवा सगळ्या नळ्यांत सारखी वांटली जाते. चौकोनी डब्यासारख्या पेटींत ती दोनचार नळ्यांतूनच धांवते आणि बाकीचा गाभा आळशी राहतो. अॅल्युमिनियमचें वेल्डिंग कठीण असतें. ज्याचा हात त्यांत बसलेला नाहीं त्यानें तुकडे नीट कापून, तात्पुरते जुळवून, सांधे तेवढे कसबी वेल्डरकडून करून घ्यावेत. यांत कमीपणा कांहींच नाहीं.

सांधे झाल्यावर पेटी आंतून धुवून स्वच्छ करणें हें काम कंटाळवाणें, पण टाळण्याजोगें मुळींच नव्हे. आंत राहिलेला धातूचा एखादा कण हवेबरोबर थेट सिलिंडरांत जातो. नळ्यांच्या टोंकांना बाहेरून उंचवट्याची कड असावी लागते. नाहींतर दाब चढतांच रबरी जोडनळी निसटते. त्यानंतर पेटीचीं तोंडें बंद करून आंत बेताचा दाब द्यावा आणि सांध्यांवर साबणाचें पाणी फिरवावें. बुडबुडे आले कीं गळती सांपडली. पेटी बसवितांना भोंवतालच्या फटी पत्र्यानें वा फोमनें बुजवाव्यात. कारण वारा सोपी वाट शोधतो, आणि फट मिळाली तर तो जाळींतून जाण्याचे कष्ट घेत नाहीं.

एवढें होऊनहि काम पुरें होत नाहीं. इंजिनाकडे आतां अधिक हवा जाऊं लागली. तेव्हां त्या प्रमाणांत पेट्रोलहि अधिक मिळालें पाहिजे आणि ठिणगीची वेळहि जुळली पाहिजे. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेंच राहिलें, तर जें इंजिन वांचविण्यासाठीं हा खटाटोप केला, तेंच ह्या खटाटोपानें जळतें. म्हणून इंटरकूलरच्या आधीं व नंतर अशा दोन्ही ठिकाणीं तापमान आणि दाब मोजणें, धुरांतील मिश्रणाचें प्रमाण पाहणें आणि मोटार बंद चांचणीयंत्रावर वा राखीव मैदानावर टप्प्याटप्प्यानें तपासणें आवश्यक ठरतें. चार आंकडे हातीं आले कीं कारागिराला स्वतःच्या कामाचा खरा निकाल कळतो. मोटार नुसती चपळ वाटते, एवढा दाखला पुरेसा नाहीं. नव्या वस्तूवर मन आधींच लोभावलेलें असतें.

भारतीय वाचकाला हा विषय परका वाटूं नये. आपल्या रस्त्यांवरून घाट चढणाऱ्या कित्येक मालमोटारींच्या व बसगाड्यांच्या डिझेल इंजिनांना टर्बो व इंटरकूलर कारखान्यांतूनच जोडलेले असतात. मात्र ४० अंशांच्या उन्हाळ्यांत वाऱ्यावर चालणारा इंटरकूलर हवेला त्या ४० अंशांच्या खालीं आणूं शकत नाहीं, आणि रहदारींत मोटार थांबून राहिली म्हणजे तर त्याच्यावर वाराच येत नाहीं. तसेंच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकाला परवानगीवांचून करतां येत नाहीं. तेव्हां हौस पुरविण्यापूर्वीं कायदा वाचून घेणें शहाणपणाचें.

घरीं इंटरकूलर बनविणारा मनुष्य निसर्गाचा नियम मोडीत नाहीं. तो त्या नियमाची देणी वेळेवर चुकवितो. दाबण्याची किंमत उष्णतेच्या नाण्यांत भरावीच लागते. ती रेडिएटरच्या वाऱ्यावर भरली तर इंजिन दीर्घायुषी होतें. आणि हिशेब न ठेवतां उधार ठेवली, तर ती एके दिवशीं दट्ट्याच्या धातूंतून व्याजासह वसूल होते. म्हणून ह्या छंदांतलें पहिलें हत्यार वेल्डिंगची बंदूक नसून थर्मामीटर आहे, हें ओळखणाराच त्यांत यशस्वी होतो.