दमा सांभाळून मुले वाढविताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी राजोडी येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आरोग्यावर चार शब्द बोलावयास सांगितले. मी डॉक्टर नव्हे. चौदा वर्षांचा दमा आणि नऊ वर्षांचे आईपण एवढीच माझी शिदोरी. मुलगी नऊ वर्षांची आहे, धाकटा चार वर्षांचा. त्यांना वाढविताना जे अनुभवास आले आणि डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवते.

दम्यात श्वासनलिकांचे आतले अस्तर सुजरे झालेले असते. धूर, धूळ, ओल, सर्दी यांपैकी काही बाधले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो, आणि आत घेतलेला श्वास बाहेर टाकणे जड जाते. हा रोग लागट नाही. आईच्या उष्ट्या पेल्याने किंवा तिच्या कुशीत निजल्याने तो मुलाला होत नाही. घराण्यातून प्रवृत्ती येऊ शकते, पण ती येईलच असेही नाही. तरीही स्थळ पाहताना मुलीचा दमा लपवितात, आणि मग ती बिचारी सासरी न्हाणीघराचे दार लावून पंप ओढते. मलाही निघताना "सासरी बोलू नकोस" असा उपदेश झाला होता. मी तो मानला नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना सर्व सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग चुलीवरचे पाणी तू तापवायचे नाहीस. ते माझ्याकडे." माझ्या संसाराचा पाया त्या एका वाक्यावर उभा आहे.

चुलीचा विषय निघालाच आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, गॅस घरोघर पोचला. पण आंघोळीचे पाणी कित्येक घरी अजून झावळ्या आणि नारळाच्या सोडणांवर तापते, आणि वाडीतला पालापाचोळा संध्याकाळी पेटवितात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. सीओपीडी हा दम्यासारखाच, पण न परतणारा फुप्फुसांचा विकार. तो बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, असेच पूर्वी मानीत. परंतु या रोग्यांपैकी शेकडा २५ ते ४५ जणांनी कधी विडी ओठाला लावलेली नसते, आणि लाकूड-शेणीच्या धुरात तेव्हा जगातली सुमारे ३०० कोटी माणसे राहत होती, असे त्या लेखात दाखविले आहे. आपल्यापैकी ज्या लेकराला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तोच धूर लेकराच्या छातीतही जातो.

आता पंपाविषयी. एके काळी धोतऱ्याच्या पानांचा धूर हा दम्यावरचा उपाय होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो मद्रासकडून विलायतेत गेला. धोतरा विषारी आहे, तेव्हा तो कोणी करू नये. आजच्या पंपाचे मूळ मात्र एका मुलीच्या प्रश्नात आहे. अमेरिकेतील रायकर कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची दमेकरी मुलगी १९५५ साली वडिलांना म्हणाली, केसांच्या फवाऱ्यासारख्या डबीत माझे औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, तसा पंप बाजारात आला.

"पंपाची सवय लागते, तो फार कडक असतो," असे आपण ऐकतो. हिशेब करून पाहा. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, आणि त्याच औषधाच्या गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतके. गोळी सर्व अंगभर फिरते, फवारा नेमका जिथे हवा तिथे पोचतो. पंप दोन प्रकारचे असतात. एक तातडीचा, नळ्या लगेच मोकळ्या करणारा. दुसरा रोजचा, सूज हळूहळू उतरविणारा. रोजच्या पंपाने त्या क्षणी काही वाटत नाही, म्हणून बायका तोच आधी सोडतात. वास्तविक संसार चालतो तो त्याच्यावर. तो घेतल्यावर चूळ भरून टाकावी म्हणजे तोंड येत नाही.

धाकट्याच्या वेळी मला एका ठिकाणी "बाळासाठी औषध बंद करा" असे सांगण्यात आले. मी छातीच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, आईला श्वास पुरला नाही तर बाळालाही पुरत नाही. गरोदरपणी साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, तितक्यांचा कमी होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. म्हणून औषध आपल्या मनाने थांबवू नये. अंगावर पाजतानाही पंप घेता येतो.

सर्वांत कठीण भाग औषधाचा नव्हे, मुलांचा. मूल पळते, आपण मागे पळू शकत नाही. अंगाई म्हणावी तर दम पुरत नाही, म्हणून आमच्याकडे बसल्या बसल्या हळू आवाजात गोष्टी सांगितल्या जातात. आषाढात भिंतींना ओल धरली की माझ्या रात्री वाईट जातात. अशा एका रात्री मुलगी जागी दिसली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. झोपली का नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "तुझा आवाज ऐकते आहे." ते पोर माझे श्वास मोजीत पडले होते.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेऊन सर्व समजावून सांगितले. "आईच्या नळ्या आवळतात. पंप दाराजवळच्या कोनाड्यात असतो. तो आणायचा आणि आजीला हाक मारायची. एवढेच तुझे काम. जागणे हे मोठ्यांचे काम." तिचे वडील पहाटेच्या विरार लोकलने मुंबईला जातात, तरी वाईट रात्री त्यांनी आणि सासूबाईंनी वाटून घेतल्या. मुलांना अंधारात ठेवले की ती जास्त भितात. काय करावयाचे ते ठाऊक असले की निजतात.

घरच्या मोठ्यांनी मात्र ही लक्षणे पाठ करावीत: वाक्य एका श्वासात पुरे होत नाही, पंपाचा आराम चार तास टिकत नाही, ओठ निळसर दिसतात. अशा वेळी वाफ, काढा करीत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठावे.

शेवटी मंडळाकडे तीन मागण्या आहेत. पालापाचोळा न पेटविता वाडीत खड्डा करून कुजवावा, केळीला खत होईल. आपल्या कार्यक्रमांत उदबत्ती आणि डासांची अगरबत्ती बंद दालनात लावू नये. आणि एखादीला दम लागला की तिला उपदेश करण्याआधी तिची मुले दोन तास आपल्या घरी न्यावीत. तेवढ्या दोन तासांत ती बसून श्वास घेऊ शकते. औषध डॉक्टर देतात, हे दोन तास फक्त शेजारीणच देऊ शकते.