मोती बसला ती जागा

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "तिकडचं काहीतरी सांग, पण दहा मिनिटांच्या आत." तिकडच्या इमारती, रस्ते, मॉल हे सगळं आता तुम्हीही पाहिलेलं आहे. म्हणून मी आज एका कुत्र्याबद्दल आणि एका वाटेबद्दल बोलणार आहे. हसू नका. ती वाट शेवटी आपल्या शाळेच्या मैदानावर येते.

मी राहते ते स्कॉट्सडेल अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराला लागून आहे. हा सगळा सोनोरन वाळवंटाचा भाग. भूगोलाच्या तासाला आपण वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि उंट असं शिकलो. इथे तसं काही नाही. इथे खडकाळ माळ आहे, बोडके डोंगर आहेत आणि झाडं भरपूर आहेत. वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो, थोडा हिवाळ्यात आणि थोडा जुलै-ऑगस्टमध्ये. त्या उन्हाळी पावसाला तिथले लोकही मॉन्सूनच म्हणतात. पहिल्या सरीनंतर क्रिओसोट नावाच्या झुडपाचा असा काही वास सुटतो, की मला आपल्या सोलापूरच्या पहिल्या पावसाची आठवण येते.

आमचा मोती म्हणजे मुलाने पाळलेला आणि नोकरीसाठी गावाबाहेर जाताना माझ्याकडे सोडलेला कुत्रा. लॅब्रॉडॉरच्या वळणाचा, काळा, वजन अठरा किलो. अमेरिकन शेजाऱ्यांना 'मोती' म्हणता येत नाही, ते 'मोडी' म्हणतात. म्हणजे बिचारा दागिना होता, त्याची लिपी झाली.

घराजवळ मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह नावाची तीस हजार एकरांहून मोठी राखीव जमीन आहे. तिथे पायवाटा आखलेल्या आहेत आणि साखळीला बांधलेला कुत्रा नेता येतो. त्यातली एक वाट 'लॉस्ट डॉग वॉश', म्हणजे हरवलेल्या कुत्र्याचा ओढा. ओढा बाराही महिने कोरडा, नुसती रेती. सुरुवातीचा चढ अगदी हलका. आजीआजोबा नातवंडांना घेऊन येतात अशी सोपी वाट. खरं तर नाव ऐकूनच मला शहाणपण सुचायला हवं होतं.

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. शेजारीण म्हणाली होती, कुत्र्याला न्यायचं तर सूर्य उगवताना जा. मी मनात म्हटलं, मी सोलापूरची. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत सायकलवर शाळेत जाऊन परीक्षा दिलेली. मला ऊन कोण शिकवणार? चहा-नाश्ता उरकून आम्ही निघालो तेव्हा नऊ वाजले होते. तापमान चौतीसच्या आसपास. माझ्या हिशेबी ती थंडीच. डोक्यावर टोपी, पायात जाड बूट, हातात माझ्यापुरती पाण्याची बाटली.

मैलभर गेल्यावर मोती एका पालो वर्दे झाडाखाली जाऊन बसला. या झाडाचं खोडसुद्धा हिरवं असतं, पानं गळली तरी ते खोडावर अन्न बनवतं. सावली मात्र विरळच. मी साखळी ओढली. तो उठला, दहा पावलं चालला आणि पुन्हा बसला. मी त्याला चक्क रागावले. "ऊठ रे आळशा, एवढीशी तर वाट आहे." तो पुन्हा उठला. माझ्याकडे बघत उठला, हे मला आजही दिसतं.

तिसऱ्यांदा बसला तेव्हा समोरून एक वयस्कर गृहस्थ येत होते. त्यांनी मला काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाले, "तळहात उलटा करून जमिनीवर ठेवा आणि सात आकडे मोजा." मी चारला हात उचलला. मोती त्या जमिनीवरून मैलभर अनवाणी चालला होता. त्याच्या तोंडातून घट्ट लाळ गळत होती, हिरड्या गर्द लाल झाल्या होत्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकायच्या आणि जिभेवाटे उष्णता बाहेर टाकायची, एवढाच त्याचा उपाय. त्यात अंगावर काळे केस, आणि पोट तापलेल्या जमिनीपासून वीतभर-दीड वीत वर. माझ्या डोक्याशी जे ऊन होतं ते त्याच्या पोटाशी नव्हतंच. आम्ही दोघं एकाच वाटेवर होतो, पण माझी वाट सोपी होती आणि त्याची नव्हती.

होतं नव्हतं ते पाणी त्याच्या पोटावर आणि पायांवर ओतलं. त्या गृहस्थांनी आणि मी आळीपाळीने त्याला उचलून गाडीपर्यंत आणलं. दवाखान्यात सलाइन लावलं, तळपायांना मलम आणि पट्ट्या. वाचला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तो बसला म्हणून वाचला. बहुतेक कुत्री मालकाच्या मागे पडेपर्यंत चालत राहतात." फिनिक्स शहराने तर २०१६ पासून नियमच केला आहे, की पारा शंभर फॅरनहाइटला, म्हणजे साधारण अडतीस सेल्सिअसला पोचला की डोंगरवाटांवर कुत्रा न्यायचा नाही. त्या दिवशी पारा तिथवर पोचलाही नव्हता. नियमात बसत होतं, पण मोतीला झेपत नव्हतं.

घरी येऊन मी त्याच्या पट्ट्यांकडे बघत बसले होते, तेव्हा मला तो आळशी शब्द खुपायला लागला. हा शब्द मी आधी कुठे वापरलाय? आणि आठवलं.

आठवीत मी मॉनिटर होते. शनिवारी सकाळी कवायत असायची. आपल्या वर्गातला एक मुलगा मधेच रांग सोडून कडुलिंबाखाली जाऊन बसायचा. मी त्याचं नाव फळ्यावर लिहायची आणि पुढे 'कामचुकार'. त्याला मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा व्हायची. सर, तुमचा दोष नाही, नाव मी देत होते. तो रात्रभर वडिलांबरोबर यंत्रमागावर कांड्या भरून, उपाशीपोटी शाळेत यायचा, हे मला दहावी झाल्यावर कळलं. कळलं, आणि मी विसरूनही गेले. सगळ्यांना जमतं ते याला का जमत नाही, हा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता. मोतीला तरी कुठे विचारला?

आता आम्ही नोव्हेंबर ते मार्चमध्येच त्या वाटेवर जातो, तेही उजाडताना. पाणी माझ्यापेक्षा त्याच्यासाठी जास्त असतं. खिशात एक कंगवा असतो, कारण चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी गोळे पायाला चिकटले तर हाताने निघत नाहीत, कंगव्याने उडवावे लागतात. उन्हाळ्यात घराजवळच, अंधार असतानाच फिरतो. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग एकतीस दिवस पारा त्रेचाळीसच्या वर होता, तेव्हा अंगणातल्या दोन मिनिटांवर भागवलं. आणि मुख्य म्हणजे, मोती बसला की मीही बसते. तो म्हणेल तिथून परत फिरायचं.

असं बसल्यामुळेच मला एक गोष्ट दिसली. तिथे सुवारो नावाचा निवडुंग असतो, चाळीस फुटांपर्यंत वाढतो. त्याला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. इतका दांडगा, पण त्याचं रोप उघड्यावर सहसा जगत नाही. पालो वर्देसारख्या एखाद्या झाडाच्या सावलीत ते वाढतं. तिथले लोक त्या झाडाला दाईझाड म्हणतात. आपल्या मैदानावरचा कडुलिंब एका मुलासाठी तेच करत होता, आणि मी त्याला तिथून उठवत होते.

तो मित्र आज या सभागृहात बसला आहे. हे बोलू का, असं विचारायला मी परवा त्याला फोन केला. पंचेचाळीस वर्षांनी माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बोल की. पण लिंबाखाली झोप लई भारी लागायची, ते बी सांग." आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "कुत्रं बरं हाय का आता?"

बरं आहे रे. आता रोज तोच मला फिरवतो.